जस्त आणि थायमसच्या पेशी: प्रकल्प नोंदी, नागपूर

२ डिसेंबर २०२४

विषय आज नक्की झाला. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प: नियोजित पेशीमृत्यूवर जस्ताचा परिणाम. मॅडमना अपॉप्टोसिसवर, म्हणजे याच नियोजित पेशीमृत्यूवर, काहीतरी हाताने करता येण्याजोगं हवं होतं. जस्त माझ्या डोक्यात आधीपासूनच होतं. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या मुलीला जस्ताची कमतरता पुस्तकात वाचावी लागत नाही. नवी पानं बारकी येतात आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, ते लहानपणापासून पाहिलं आहे.

मॅडमनी फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. बाहेरून जस्त दिलं तर मरू घातलेली पेशी वाचते का? पेशीतलं जस्त काढून घेतलं तर धडधाकट पेशी मरते का? मग म्हणाल्या, "एकाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळालं, असं समजू नकोस. दोन्ही वेगवेगळे करून बघ." वहीच्या पहिल्या पानावर हेच उतरवून घेतलं आहे. या नोंदी मराठीत ठेवते आहे. पुढच्या बॅचच्या मुलींना वाचता याव्यात हा हेतू, आणि मराठीत मांडताना मला स्वतःला नेमकं किती कळलं आहे तेही तपासून होतं.

९ डिसेंबर

आठवडाभर वाचन.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये या मृत्यूचं वर्णन केलं. पेशी फुगून फुटत नाही, आकसते. केंद्रकातलं क्रोमॅटिन गोळा होऊन कडेला जातं, पेशीच्या पडद्याला फुगवटे येतात, शेवटी तिचे पडद्यात बांधलेले तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळतात. आतला मालमसाला बाहेर सांडत नाही, म्हणून दाहही होत नाही. सी. एलेगन्स या छोट्या कृमीच्या वाढीत १०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी मरतात. याच कृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. मरण्याची आज्ञा अमलात आणणारी मुख्य विकरं (एन्झाइम) म्हणजे कॅस्पेज. ती प्रथिनं ठरावीक ठिकाणी, अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या पुढे कापतात, आणि कापण्याचं काम त्यांच्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लातलं गंधक करतं.

गंधकाचा हा मुद्दा जपून ठेवायला हवा. जस्ताला गंधक आणि नायट्रोजन फार जवळचे. सिस्टीन आणि हिस्टिडीन शेजारी शेजारी दिसले की जस्त तिथे बसू पाहतं.

माणसाच्या शरीरात जस्त साधारण २ ते ३ ग्रॅम असतं. पेशीत एकूण जस्ताची पातळी शेकडो मायक्रोमोलर (मोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचं माप; मिलि, मायक्रो, नॅनो, पिको अशी प्रत्येक पायरी हजारपट लहान), पण त्यातलं जवळपास सगळं प्रथिनांना बांधलेलं. मोकळं जस्त पिकोमोलर ते नॅनोमोलर, म्हणजे एकूण साठ्याच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी. पेशी हे प्रमाण फार काटेकोर सांभाळते. माणसात जस्त आत-बाहेर नेणाऱ्या वाहक प्रथिनांचे दोन गट आहेत, १४ प्रकारची झिप आणि १० प्रकारची झेडएनटी. शिवाय मेटॅलोथायोनिन आहे. त्याचा एक रेणू जस्ताचे सात अणू धरतो आणि गरज पडली की सोडतो. एका धातूसाठी एवढी व्यवस्था उगाच नसणार.

१७ डिसेंबर

पेशी कुठून आणायच्या हा प्रश्न सुटला. थायमस ही ग्रंथीच उत्तम, कारण तिथे तयार होणाऱ्या टी पेशींपैकी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९५ टक्क्यांहून अधिक पेशी निवडीत नापास होऊन तिथेच अपॉप्टोसिसने मरतात. या पेशी मरायला जणू तयारच असतात. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलं की काही तासांत त्यांच्यात ही प्रक्रिया सुरू होते.

उंदीर वापरायचा तर नैतिक समितीची परवानगी लागते, आणि त्यात आमचं सत्र संपून गेलं असतं. मॅडमनी कोंबडी सुचवली. बॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असताना कापली जाते, त्या वयात थायमस भरपूर मोठा असतो. मानेच्या दोन्ही बाजूंना, शिरेलगत, वेगवेगळ्या पाळींच्या रांगेत तो असतो. दुकानात मान सोलताना तो कातडीबरोबर फेकलाच जातो.

सकाळी लवकर कॉलेजजवळच्या चिकन सेंटरवर गेले. भाऊंना सांगितलं, मान अख्खी द्या, सोलू नका, कातडीसकट. ते थांबले आणि म्हणाले, "मांस नाही मागत, मानच मागता, कायले पाहिजे बाप्पा तुमाले?" मी तिथेच एका मानेवरची कातडी बाजूला करून त्यांना पाळी दाखवल्या. रोज शेकड्यांनी माना सोलणारा माणूस, पण हे काय आहे ते कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. रोगाशी लढणाऱ्या पेशी इथे तयार होतात म्हटल्यावर त्यांनी चार माना वेगळ्या काढून बर्फात दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

डब्यात बर्फ, बर्फात थंड सलाईन. पाळी कापून बारीक जाळीतून हलकेच दाबल्या की पेशी सुट्या होतात. ट्रिपॅन ब्लू हा रंग फक्त पडदा फुटलेल्या पेशीत शिरतो; त्यात बहुतेक पेशी रंगहीन, म्हणजे पडदा शाबूत. सुरुवात चांगली झाली.

२६ डिसेंबर

द्रावणांचा विचार. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण प्रकल्प इथेच तरतो किंवा बुडतो.

झिंक सल्फेट नेहमीच्या माध्यमात टाकलं की तीन गोष्टी होतात. फॉस्फेटबरोबर जस्ताचा न विरघळणारा साका बसतो. सीरम घातलेलं असेल तर त्यातलं अल्ब्युमिन जस्त धरून ठेवतं, आणि रक्तातही बरंचसं जस्त अल्ब्युमिनच वाहतं. पेशी सुट्या करताना ईडीटीए वापरलं असेल तर तेही जस्त बांधून टाकतं. म्हणजे बाटलीवर मी "१ मिलिमोलर" लिहीन आणि पेशीला दिसणारं जस्त त्याच्या कितीतरी कमी असेल. म्हणून छोट्या अवधीच्या प्रयोगांसाठी हेपेस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मीठ आणि ग्लुकोज एवढंच, फॉस्फेट आणि ईडीटीए कटाक्षाने वगळून. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वॉटर बाथही ४१ वर.

६ जानेवारी २०२५

पहिलं जेल. एका रांगेत नुसत्या पेशी, दुसरीत १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन सहा तास. डीएनए काढून १.८ टक्के अ‍ॅगारोजवर चालवला. जेलमध्ये विजेच्या जोरावर डीएनएचे लहान तुकडे जास्त पुढे सरकतात. डेक्सामेथासोनच्या रांगेत शिडी स्पष्ट आली: १८० ते २०० बेस जोड्या (डीएनएच्या लांबीचं माप), मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, अशा वर वर पायऱ्या. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि डीएनए कापणारं विकर त्याला फक्त दोन गुंडाळ्यांमधल्या मोकळ्या जागेत कापू शकतं. पायऱ्या एकाच लांबीच्या पटीत येतात त्या त्यामुळे. यूव्हीच्या उजेडात शिडी उमटली तेव्हा लॅबमधले काकाही येऊन बघून गेले.

१५ जानेवारी

काल संक्रांत. तिळगूळ खाताना मनात जस्ताचाच विचार. तिळात जस्त चांगलं असतं, १०० ग्रॅममागे ७-८ मिलिग्रॅम. पण त्यात फायटेटही भरपूर असतं आणि ते आतड्यात जस्ताला धरून ठेवतं. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही.

फायटेटचा हा धागा धरून आनंद प्रसाद यांच्याबद्दल वाचलं. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे, वैद्यकीय शिक्षण पाटण्याला, पुढे अमेरिकेत. १९५८ मध्ये ते इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यापुढे विशी ओलांडलेले तरुण आले, जे दहा वर्षांच्या मुलांसारखे दिसत होते. उंची खुंटलेली, वयात आलेले नाहीत. आहार जवळपास नुसत्या रोटीचा, आणि माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमध्ये काम करून १९६३ मध्ये प्रसाद यांनी दाखवलं की अशा रुग्णांमध्ये जस्ताची कमतरता आहे. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकतं हेच बहुतेकांना मान्य नव्हतं. पुढे त्यांनी सिकलसेलच्या रुग्णांमधली जस्ताची कमतरताही दाखवली. त्या रुग्णांच्या लघवीतून जस्त जास्त जातं. आपल्या विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे हे माहीत असणाऱ्याला हे वाचून तिथेच थांबावं लागतं. मला तरी लागलं.

आमच्या प्रकल्पाशी सर्वात जवळचं काम मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पामेला फ्रेकर यांचं. जस्त कमी असलेला आहार दिलेल्या उंदरांचा थायमस आकसतो, आणि थायमस व अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी अपॉप्टोसिसने मरतात. कमतरतेमुळे शरीरातलं स्टेरॉइडही वाढतं आणि या मृत्यूचा मोठा भाग त्याच्यामार्फत घडतो. म्हणजे कुपोषित मूल वारंवार आजारी पडतं त्यामागे थायमसमध्ये घडणारी ही गोष्टही आहे. जुलाब झालेल्या मुलांना ओआरएसबरोबर १०-१४ दिवस जस्त द्यावं ही जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची २००४ ची शिफारस मला आजवर नुसती एक ओळ वाटायची.

आंबवलं किंवा मोड आणले की धान्या-कडधान्यातलं फायटेट कमी होतं. आजीच्या ज्वारीच्या आंबिलीकडे आता वेगळ्या आदराने बघेन.

२७ जानेवारी

पहिल्या प्रश्नाचा दिवस. रांगा: नुसत्या पेशी, नुसतं जस्त, डेक्सामेथासोन, डेक्सामेथासोन अधिक १ मिलिमोलर झिंक सल्फेट.

शेवटच्या रांगेत शिडी नाही. डीएनए वर एकाच जाड पट्ट्यात, नुसत्या पेशींच्या रांगेसारखाच दिसतो. माझ्या जोडीदारणीचं तिथल्या तिथे मत झालं की जस्ताने पेशी वाचवल्या. जेलपुरतं बघितलं तर तसंच दिसतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतल्या कोहेन आणि ड्यूक यांनी उंदराच्या थायमस पेशींमध्ये हेच पाहिलं होतं: डीएनए कापणारं कॅल्शियमवर चालणारं विकर जस्ताने बंद पडतं आणि शिडी येत नाही. जस्त अपॉप्टोसिस रोखतं, हे वाक्य बरीच वर्षं पुस्तकांतून फिरलं त्यामागे अशाच प्रयोगांचा हात आहे.

मॅडमनी आराखड्यातच ठरवून ठेवलं होतं की प्रत्येक नळीतल्या थोड्या पेशी मायक्रोस्कोपसाठी बाजूला काढायच्या. उद्या ते.

२८ जानेवारी

अक्रिडीन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड असा दुहेरी रंग. निरोगी पेशीचं केंद्रक सारखं हिरवं दिसतं. अपॉप्टोसिसच्या सुरुवातीला ते आकसून चमकदार हिरव्या गोळ्यांत गोळा होतं. उशिराच्या टप्प्यात हेच गोळे नारिंगी दिसतात.

डेक्सामेथासोन अधिक जस्ताच्या नळीतल्या बऱ्याच पेशींची केंद्रकं आकसलेली होती. क्रोमॅटिन कडेला गोळा झालेलं, पेशी लहान झालेली. ट्रिपॅन ब्लू याच पेशींना "जिवंत" म्हणत होता, कारण पडदा अजून फुटलेला नव्हता. जेलवर शिडी नाही, पण पेशी मरणाच्या वाटेवर निघालेली.

संध्याकाळी वाचनालयात याचा उलगडा झाला. ब्रिटनमधल्या जेराल्ड कोहेन (कोलोरॅडोतले कोहेन वेगळे) यांच्या गटाने १९९२-९३ मध्ये थायमस पेशींवर नेमकं हेच दाखवलं होतं. डीएनए आधी मोठ्या तुकड्यांत कापला जातो, ३००,००० आणि ५०,००० बेस जोड्यांच्या आसपासच्या, आणि लहान तुकड्यांची शिडी त्यानंतर येते. जस्त ही नंतरची पायरी थोपवतं. पहिली कापणी आणि क्रोमॅटिनचं आकसणं मात्र होतच राहतं. एवढे मोठे तुकडे साध्या अ‍ॅगारोज जेलवर वेगळे होत नाहीत. त्याला पल्स्ड-फील्ड जेल लागतं, आणि ते आमच्याकडे नाही. आमच्या जेलवरच्या त्या जाड पट्ट्यात ते तुकडेही दडलेले असू शकतात.

या प्रकल्पातली मला सर्वात मोलाची वाटणारी नोंद हीच. जस्ताने मृत्यूची एक खूण पुसली. मृत्यू थांबवला असं त्यावरून म्हणता येत नाही. निबंध असो की औषधाची जाहिरात, कुणी "जस्त पेशी वाचवतं" म्हटलं की आता माझा पहिला प्रश्न असणार: काय मोजून?

१० फेब्रुवारी

दुसरा प्रश्न. टीपीईएन हा रेणू पेशीच्या पडद्यातून आत शिरतो आणि जस्ताला विलक्षण घट्ट धरतो. ५ मायक्रोमोलर पुरे झालं. डेक्सामेथासोन नाही, दुसरं कुठलंही औषध नाही. काही तासांत शिडी आली आणि केंद्रकंही आकसलेली दिसली. पेशीतलं जस्त काढून घेतल्यावर वेगळा इशारा द्यावाच लागला नाही. टीपीईएन ज्या द्रावकात विरघळवलं, नुसता तो द्रावक दिलेल्या नळीत काहीही झालं नाही.

१८ फेब्रुवारी

टीपीईएन लोखंड आणि तांबंही धरतं. त्यामुळे आधीच्या निकालावर कुणीही बोट ठेवलं असतं. आज टीपीईएनबरोबर तेवढंच झिंक सल्फेट दिलं. शिडी गेली, आणि या वेळी केंद्रकंही सारखी हिरवी. मिलिमोलर जस्ताला २८ जानेवारीला जे जमलं नव्हतं, ते इथे मायक्रोमोलर जस्ताने केलं, कारण जिथून काढलं होतं तिथली कमतरता भरून निघाली. मॅडमनी दोन्ही जेलचे फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "हे दोन फोटो एकाच पानावर छाप." प्रबंधात ते तसेच जातील.

२४ फेब्रुवारी

मग जस्त नेमकं बसलेलं असतं कुठे? एक जागा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कॅस्पेज-३: १९९७ मध्ये दाखवलं गेलं की अगदी थोडं जस्त त्याला बंद करतं, मायक्रोमोलरच्याही खाली. मिलिमोलरच्या गोष्टी करणाऱ्या जुन्या प्रयोगांपेक्षा हे पेशीतल्या खऱ्या पातळ्यांच्या कितीतरी जवळचं. कॅस्पेज-६ मध्ये जस्त कापण्याच्या जागेपासून लांब बसतं आणि रेणूला कामाच्या आकारात येऊच देत नाही. कॅस्पेज-९ मध्ये दोन जागा सापडल्या, त्यातली एक थेट कापण्याच्या जागी. या दोन्हींचं काम मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या जीन हार्डी यांच्या गटाने २०१२ मध्ये केलं. म्हणजे कॅस्पेजच्या एकाच कुटुंबात जस्ताच्या अडवण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत.

दुसरीकडे जस्त नुसता घडणीचा भाग आहे. एक्सआयएपी हे प्रथिन कॅस्पेजना धरून ठेवतं. त्याच्या बीआयआर भागांची घडी तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन यांनी धरलेल्या जस्तामुळे टिकते. आणि पी-५३, जे डीएनए बिघडला की पेशीला मरायला लावतं, त्यालाही डीएनएवर बसण्यासाठी जस्त लागतं. त्याच्या १७५ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडीन आलं की जस्त सुटतं आणि प्रथिन निकामी होतं. कर्करोगात हा बदल वारंवार दिसतो. म्हणजे मरू न देणाऱ्या प्रथिनाला जस्त लागतं आणि मरायला लावणाऱ्यालाही.

मला सर्वात आवडलेली गोष्ट पीएसी-१ या रेणूची. इलिनॉयमधल्या पॉल हर्गनरॉदर यांच्या गटाने २००६ मध्ये असा रेणू शोधला, जो निद्रिस्त प्रोकॅस्पेज-३ ला जागं करतो. बऱ्याच ट्यूमर पेशींत हे प्रोकॅस्पेज नेहमीपेक्षा जास्त साठलेलं असतं. तो हे कसं करतो याचा उलगडा २००९ मध्ये झाला: प्रोकॅस्पेजला अडवून ठेवणारं जस्त तो काढून घेतो. आमच्या टीपीईएनच्या नळीसारखाच, पण निवडक. पुढे तो कुत्र्यांमधल्या कर्करोगावर आणि मग माणसांवरच्या चाचण्यांत गेला.

९ मार्च

रविवार, काटोल. बागेत झिंक सल्फेटची फवारणी चालली होती, ०.५ टक्के, सोबत चुना. आमची जमीन काळी आणि चुनखडीची. अशा जमिनीत जस्त असूनही मुळांना मिळत नाही. बाबांना विचारलं, जास्त मारलं तर? "पानं जळतात." बस, एवढंच बोलून पंप पुन्हा पाठीवर घेतला.

वनस्पतींमध्ये कॅस्पेज नसतात, पण स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या भ्रूणांवर झालेलं २००८ चं एक काम आहे. भ्रूण वाढताना ज्या पेशी मरायच्या असतात त्यांच्यात मोकळं जस्त कमी, आणि ज्या जगायच्या असतात त्यांच्यात जास्त आढळलं. जस्त काढून घेतल्यावर तिथेही पेशी मेल्या.

१७ मार्च

जास्त झालं तर काय, हे प्रबंधात यायलाच हवं. करोनाच्या काळात घरोघरी झिंकच्या गोळ्या आल्या आणि अनेकांनी त्या महिनोन्‌महिने घेतल्या. जस्त दीर्घकाळ जास्त पोटात गेलं तर आतड्यातून तांब्याचं शोषण अडतं आणि तांब्याची कमतरता होते. विल्सन रोगात तांबं कमी करायला डॉक्टर मुद्दाम जस्तच देतात.

पेशीच्या पातळीवर सर्वात बोलकं उदाहरण मेंदूतलं आहे. काही चेतापेशी आपल्या टोकांमधल्या पुटिकांत जस्त साठवतात. मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं तुटला की ते बाहेर पडून दुसऱ्या चेतापेशींत शिरतं आणि त्या मरतात. १९९६ मध्ये कोह, चोई आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये हे दाखवलं. बाहेरचं जस्त आधीच बांधून टाकलं की बऱ्याच चेतापेशी वाचल्या. थायमसमध्ये जस्त काढून घेणं मारक, इथे तेच तारक. प्रबंधाच्या शीर्षकात "संरक्षक" शब्द होता, तो आज काढला. आता नुसतं "नियमन" आहे.

२७ मार्च

प्रबंध बांधायला गेला. पुढच्या बॅचसाठी:

कॅस्पेज-३ ची क्रिया थेट मोजायची राहिली आहे, आणि हाच पुढचा टप्पा असावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीची तयार किट वापरणार असाल तर आधी त्यातल्या बफरची यादी वाचा. त्यात बहुधा ईडीटीए आणि डीटीटी दोन्ही असतात, आणि दोन्ही जस्त धरतात. त्या बफरमध्ये कॅस्पेजवरचं जस्त निघून जाईल आणि विकर जोमात चालताना दिसेल. पेशीत असताना ते जस्ताने अडवलेलं होतं की नाही, हे कळणारच नाही. बफर स्वतः करा, ईडीटीए वगळा, डीटीटीऐवजी जस्ताला फारसं न धरणारं टीसीईपी वापरा, आणि एक नळी टीपीईएनसह ठेवा.

टीपीईएनचे उरलेले भाग उणे २० च्या फ्रीजरमध्ये, वरच्या कप्प्यात, निळ्या झाकणांच्या नळ्यांत. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. चिकन सेंटरच्या भाऊंना सांगून ठेवलं आहे. कोवळी कोंबडी हवी एवढं म्हणा, मान ते आता न विचारता कातडीसकट बर्फात ठेवतात.